क्लासचे सर म्हणतात ४५ टक्के बास, बाबा म्हणतात ९० पाहिजेत, मी कुणाचं ऐकू?

या आठवड्याचं पत्र लातूरहून आलंय, थोडं लहान करून देते.

"ताई, मी बारावी सायन्सला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि आयटी, बायो नाही घेतलं. गाव तुळजापूरजवळ आहे पण क्लाससाठी लातूरला हॉस्टेलवर राहते. कॉलेजात फक्त नाव आहे, जाणं होत नाही. सर म्हणतात बोर्ड कोणी विचारत नाही, ४५ टक्के काढा आणि सगळा जोर इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांवर, जेईई सीईटीवर लावा. बाबा म्हणतात बारावीचे मार्क जन्मभर पाठ सोडत नाहीत, ९० च्या खाली आले तर गावात काय तोंड दाखवायचं. क्लासच्या सराव परीक्षेत मला फिजिक्सला ७० पैकी ३४, केमिस्ट्रीला ३१, मॅथ्सला ८० पैकी २९, इंग्लिशला ४८ आणि आयटीला ५२ पडले. जर्नल अर्धी कोरी आहेत. मला नागपूरच्या व्हीएनआयटीला जायचंय, नाहीतर पुण्याला सीओईपी. बोर्डाच्या मार्कांनी खरंच फरक पडतो का? रात्री झोप लागत नाही."

पोरी, आधी एक बरं झालं की तू मार्क लिहून पाठवलेस. बहुतेक मुलं "मला टेन्शन आलंय" एवढंच लिहितात आणि मग मलाही मोघम उत्तर द्यावं लागतं. तुझ्या आकड्यांवर बसून नीट हिशेब करता येतो, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या हिशेबातच आहे.

सर खोटं बोलत नाहीयेत. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची मेरिट लिस्ट एमएचटी सीईटीच्या पर्सेंटाईलवर (परीक्षेत किती टक्के मुलं तुझ्या मागे आहेत तो आकडा) लागते, बारावीचे मार्क त्यात मिसळत नाहीत, बारावीला फक्त अट आहे की फिजिक्स, मॅथ्स आणि केमिस्ट्री (किंवा तिच्या जागी चालणारा दुसरा विषय) मिळून ओपनला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव वर्गाला ४० टक्के पाहिजेत. म्हणजे सीओईपी असो नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय, तुझे बोर्डाला ६० आहेत की ९० आहेत याने लिस्टमधला तुझा नंबर हलत नाही, अपवाद एकच, दोन जणांचं सीईटीचं पर्सेंटाईल एकदम सेम आलं तर आधी विषयवार पर्सेंटाईल बघतात आणि तरी बरोबरी सुटली नाही तर मग बारावीचे मार्क काढतात.

पण तू पहिलं नाव कुठलं लिहिलंस? व्हीएनआयटी. आणि ४५ चं गणित तिथे चालतच नाही.

व्हीएनआयटी ही एनआयटी आहे, म्हणजे केंद्राची इंजिनिअरिंग संस्था. तिथला प्रवेश जेईई मेनच्या रँकवर होतो, हे तुला माहितीच आहे, पण एनआयटी, ट्रिपल आयटी आणि आयआयटी या सगळ्यांना बारावीची वेगळी अट आहे, ओपन आणि ओबीसीला ७५ टक्के, एससी एसटीला ६५ टक्के, नाहीतर आपल्या बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाईलमध्ये, म्हणजे मार्कांत वरच्या वीस टक्के मुलांत, नाव पाहिजे. कोरोनाच्या काळात ही अट काढून टाकलेली, त्यामुळे तुमच्या हॉस्टेलवरची एखादी सीनियर दीदी सांगत असेल की आम्हाला तर कुणी विचारलं नाही, तर ती खरंच सांगतेय, तिच्या वेळेला विचारत नव्हते. २०२३ पासून अट परत आली. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की जेईई मेनला बसताना ही अट आड येत नाही. फॉर्म भरता येतो, पेपर देता येतो, रँक येते, घरी पेढे वाटले जातात, आणि मग सीट घ्यायच्या वेळी कागदपत्रं तपासताना मार्कशीट निघते आणि सीट जाते. रँक असून प्रवेश नाही, याच्याइतकं जिवाला लागणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, कारण तिथे मुलाची हुशारी कमी पडलेली नसते, माहिती कमी पडलेली असते.

आता टॉप २० पर्सेंटाईलबद्दल, कारण क्लासमध्ये कुणीतरी सांगणारच की अगं ७५ नसले तरी ते आहे ना. आहे. पण तो आकडा बोर्डाचा निकाल लागल्यावर त्या वर्षीच्या मार्कांवरून निघतो, प्रत्येक बोर्डाचा वेगळा, प्रत्येक कॅटेगरीचा वेगळा. आत्ता डिसेंबरमध्ये त्याच्या भरवशावर बसता येत नाही. मिळाला तर फायदा समज, पण टार्गेट ७५ च ठेव.

आणि अजून एक, जे मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. तू इंग्लिश आणि आयटीचे मार्क शेवटी लिहिलेत, जसे काही ते मोजायचेच नाहीत. ४५ ची अट पीसीएमवर आहे, बरोबर, पण ७५ ची अट पाच विषयांवर आहे! फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि अजून कुठलाही एक विषय. तुझ्या बाबतीत ती भाषा म्हणजे इंग्लिश आणि तो विषय म्हणजे आयटी. ५०० पैकी ३७५ काढायचेत आणि त्यातले २०० मार्क या दोन विषयांचे आहेत ज्यांची पुस्तकं तू बहुधा अजून उघडलेली नाहीस.

चल, बेरीज करू. थिअरीत जे पडलेत त्यात प्रॅक्टिकल धरू, फिजिक्स केमिस्ट्रीला ३० पैकी २८, मॅथ्सला २० पैकी १८, इंग्लिशच्या तोंडीला १८, आयटीच्या प्रॅक्टिकलला १९. म्हणजे फिजिक्स ६२, केमिस्ट्री ५९, मॅथ्स ४७, इंग्लिश ६६, आयटी ७१. एकूण ३०५. म्हणजे ६१ टक्के. पीसीएमचे तीनशेपैकी १६८, म्हणजे ५६ टक्के. तर सीओईपीचं दार तुझ्यासाठी आजच उघडं आहे, तिथे फक्त सीईटी मारायची. व्हीएनआयटीचं दार ७० मार्कांनी बंद आहे.

७० मार्क ऐकायला खूप वाटतात. पण विषयवार तोडून बघ, मॅथ्सला २९ चे ५० (२१ वाढले), केमिस्ट्रीला ३१ चे ४७ (१६), फिजिक्सला ३४ चे ४८ (१४), इंग्लिशला ४८ चे ६० (१२), आयटीला ५२ चे ६० (८). झाले ७१. यात कुठेही तुला ८० पैकी ७५ काढायला सांगितलेलं नाही. जी मुलगी जेईईचे इंटिग्रेशन सोडवते तिला बोर्डाच्या मॅथ्सला ८० पैकी ५० जड नाहीत, फक्त तिने ते पेपर लिहायची सवय केलेली नाही. थोडं वरचं टार्गेट ठेव अर्थात, ७५ ला नेम धरला आणि ७४.२ आले तर काय उपयोग, म्हणून ८० धरून चाल.

मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवली, बोर्डाचे पेपर तपासले, त्यामुळे क्लासवाल्या मुलांचे मार्क कुठे जातात ते मी जवळून बघितलंय. त्यांना येत नाही असं नसतं. चार मार्कांच्या उत्तरात मुलगा सरळ शेवटचा आकडा लिहितो. सूत्र नाही, किंमती घातलेल्या नाहीत, एकक नाही. उत्तर बरोबर असतं! पण मॉडेल आन्सरमध्ये सूत्राला मार्क आहे, किंमती घालायला मार्क आहे, एककासकट उत्तराला मार्क आहे, तपासणाऱ्याच्या हातात त्या कागदावर जे लिहिलंय तेवढंच असतं, मुलाच्या डोक्यात काय होतं ते त्याला दिसत नाही. चारपैकी दीड-दोन देऊन पुढे जावं लागतं आणि वाईट वाटतं. एमसीक्यूची दोन वर्षं सवय झालेली असते, उत्तर आलं की गोल करायचा आणि पुढे, ती सवय बोर्डाच्या पेपरात मार्क खाते. हे सुधारायला नवीन काही शिकायचं नाहीये, जे येतं ते तीन तास हाताने लिहायचंय, एवढंच. आठवड्यातून दोन जुने बोर्डाचे पेपर घे, घड्याळ लाव, पूर्ण लिही, अर्धवट नको. पहिल्या पेपरला हात दुखेल आणि शेवटचा सेक्शन राहील, तिसऱ्या-चौथ्या पेपरपर्यंत सगळं वेळेत बसायला लागेल.

पेपरचा पॅटर्न पण नीट बघून घे, कारण तो तुझ्या बाजूचा आहे. फिजिक्स केमिस्ट्रीच्या ७० मार्कांत १० एमसीक्यू, ८ एकेका मार्काचे, मग दोन मार्कांचे १२ पैकी ८ सोडवायचे, तीन मार्कांचे १२ पैकी ८, चार मार्कांचे ५ पैकी ३. मॅथ्सला एमसीक्यूच १६ मार्कांचे आहेत, दोन दोन मार्कांचे आठ, आणि पुढच्या सेक्शनमध्ये पुन्हा असेच ऑप्शन, चार मार्कांचे तर ८ पैकी ५. म्हणजे एखादा धडा अजिबात डोक्यात जात नसला तरी तो सोडून चांगले मार्क पडू शकतात. जेईईत असं कुणी निवडायला देत नाही.

इंग्लिशचं सांगते. सायन्सची मुलं इंग्लिशला "होऊन जाईल" म्हणतात आणि होतंही, पन्नास-पंचावन्न. त्या पेपरात नॉव्हेलच्या सेक्शनला १६ मार्क आहेत, रायटिंग स्किल्सला अजून १६. नॉव्हेलचा भाग बरेच जण परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून चाळतात. तू रोज झोपायच्या आधी अर्धा तास त्याला दे, पात्रं कोण, काय घडतं, कुठे घडतं, हे आपल्या शब्दांत लिहून बघ. आणि रायटिंगमधले अपील, इंटरव्ह्यूचे प्रश्न, मेसेज, यांचे नुसते फॉरमॅट पाठ असले तरी मार्क हलतात. माझ्या मते तुझ्या ७० पैकी सगळ्यात स्वस्तातले मार्क इथे पडलेत, आणि आयटीत.

प्रॅक्टिकलचा विषय मला जरा रागाने लिहावासा वाटतो, तुझ्यावर राग नाही, ज्या व्यवस्थेत तुला टाकलंय तिच्यावर. फिजिक्स केमिस्ट्रीचे तीस तीस आणि मॅथ्सचे वीस, पीसीएमच्या तीनशेपैकी ऐंशी मार्क प्रॅक्टिकलचे आहेत, चौथ्या हिश्श्याहून जास्त. आणि टायअपच्या (कॉलेजात नुसतं नाव, शिकणं क्लासला) मुलांना दोन वर्षांत लॅबचं तोंड दाखवत नाहीत, "मार्क मिळून जातात" म्हणतात. वर मी २८ धरले ते तू जाऊन प्रयोग केलेस तरच. बोर्डाच्या बाकी नियमांचं काय होतं ते बाजूला ठेवू, पण तू बारावीनंतर इंजिनिअर व्हायचं म्हणतेस, ज्या मुलीने ब्युरेट हातात धरलेली नाही, टायट्रेशनला पोटॅशियम परमँगनेटचा एक थेंब जास्त पडला की फिका गुलाबी गडद कसा होतो हे पाहिलेलं नाही, मीटर ब्रिजवर गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणताना हात कसा हळू सरकवावा लागतो हे जिला माहिती नाही, तिचं दोन वर्षांत काहीतरी हिरावून घेतलंय असं मला वाटतं. तर या आठवड्यात कॉलेजला जा. ज्यांच्या बॅचमध्ये तुझं नाव आहे त्या मॅडम किंवा सरांना भेट, सांग की माझी जर्नल अपूर्ण आहेत, मला प्रयोग करायचेत, कधी येऊ. ओरडतील थोडं, ऐकून घे. शिक्षक ओरडतात पण मूल स्वतःहून लॅबमध्ये आलं तर परत पाठवत नाहीत. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवू नकोस, व्हायव्हाला पहिल्या प्रश्नात कळतं. आणि लॉग टेबल वापरायची प्रॅक्टिस कर, बोर्डात कॅल्क्युलेटर नाही.

आता वेळ कुठून आणायचा. जानेवारीच्या शेवटी जेईई मेनचं पहिलं सेशन, त्याच्या आगेमागे प्रॅक्टिकल, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मग एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सेशन आणि पुढे सीईटी. म्हणजे जेईईला दुसरा चान्स आहे, बोर्डाला एनआयटीच्या प्रवेशाआधी वेळेवर तसा नाही. म्हणून मी म्हणेन की आत्तापासून जेईई सेशनपर्यंत रोज फक्त दोन तास बोर्डाला, इंग्लिश, आयटी आणि लिहिण्याची सवय, बाकी तुझं क्लासचं जसं चाललंय तसं चालू दे. पहिलं सेशन झालं की त्या दिवसापासून शेवटच्या बोर्ड पेपरपर्यंत फक्त बोर्ड. त्या महिन्यात क्लासने जेईईच्या टेस्ट सिरीज लावल्या तरी त्या बाजूला ठेव. सर ऐकणार नाहीत असं वाटेल, पण तू त्यांना "बोर्ड महत्त्वाचं आहे की नाही" असा वाद घालत विचारू नकोस, सरळ विचार, "सर, मला व्हीएनआयटी हवंय, ७५ ची अट आहे आणि माझे पाच विषयांचे ६१ च होतायत, मी काय करू?" या प्रश्नाला ४५ हे उत्तर कुणालाच देता येत नाही.

आणि बोर्डाचा अभ्यास म्हणजे सीईटीचा वेळ वाया, असं डोक्यातून काढून टाक. सीईटीचा सिलॅबस आपल्याच स्टेट बोर्डाच्या पुस्तकांचा आहे, ८० टक्के वेटेज बारावीला आणि २० टक्के अकरावीला. मॅथ्सचे ५० प्रश्न दोन दोन मार्कांचे म्हणजे शंभर, फिजिक्स केमिस्ट्रीचे मिळून शंभर, निगेटिव्ह मार्किंग नाही. ज्या मुलीने फेब्रुवारीत बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक कव्हर टू कव्हर वाचून लिहून काढलंय तिला सीईटीची केमिस्ट्री पुन्हा नव्याने करावी लागत नाही, स्पीड वाढवावा लागतो.

राहिले बाबा. बाबांवर रागावू नकोस, ते त्यांच्या काळातलं खरं सांगतायत. नव्वदच्या दशकात इंजिनिअरिंग काय आणि मेडिकल काय, सगळं बारावीच्या मार्कांवरच होतं, "ग्रुपिंग (मुख्य विषयांची बेरीज) किती पडलं" हा एकच प्रश्न गावभर विचारायचे, दोन मार्कांनी सीट गेलेली माणसं तेव्हा घरोघरी होती. पुढे मधल्या काळातही, २०१३ ते २०१६, जेईई मेनच्या रँकमध्ये बारावीच्या मार्कांना ४० टक्के वजन होतं, ते २०१७ पासून काढलं. दिल्ली युनिव्हर्सिटीत २०२१ पर्यंत काही कॉलेजांची पहिली कटऑफ शंभर टक्क्यांना लागलेली आहे, आणि २०२२ पासून तिथे सीयूईटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर धरतात. नियम इतक्या वेळा बदललेत की आईवडिलांचं चुकतं यात त्यांचा काय दोष. ९० चा आग्रह मात्र मला पटत नाही, तुझ्या यादीतल्या कुठल्याच दाराला ९० लागत नाहीत. गावात तोंड दाखवायचं म्हणून पोरीची झोप घालवायची, हे बाबांनी स्वतःशी एकदा नीट विचार करून बघावं, मी त्यांना हात जोडून सांगते. तू त्यांना वरचा हिशेब कागदावर लिहून दाखव, की बाबा मला ८० काढायचेत, त्याचं हे कारण आहे, आणि त्यासाठी मी हे हे करणार आहे. आकडा आणि कारण दोन्ही दिसलं की बापाचा जीव थोडा खाली बसतो.

जन्मभर पाठ सोडत नाहीत, हे अर्धंच खरं आहे. कॅम्पस प्लेसमेंटला बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री तिन्हीकडे ६० टक्के मागतात, त्यामुळे ६० च्या खाली जाऊ नये हे माझंही मत आहे, आणि ४५ वर समाधान मानणाऱ्या मुलांना ही गोष्ट चौथ्या वर्षी कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पण पहिली नोकरी लागून दोन वर्षं झाली की बारावीचं कुणी विचारत नाही. एमपीएससी, यूपीएससीला तर पदवी लागते, बारावीला किती पडले याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

मला बाबांच्या बाजूने एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती त्यांनी सांगितलेली नाही, मी सांगते. समज, आणि असं होऊ नये, पण समज सीईटीच्या दिवशी ताप आला, नाहीतर मे महिन्यात तुला स्वतःलाच वाटलं की मला इंजिनिअरिंग नको, फिजिक्समध्ये बीएस्सी करायचीय. तेव्हा तुझ्या हातात काय असेल? मार्कशीट. बीएस्सी, बीए, बीकॉमला बहुतेक कॉलेजांत अजून बारावीच्या टक्क्यांवरच मेरिट लागतं, चांगल्या कॉलेजला तिथे खरी चुरस असते. पुण्याच्या आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थेला त्यांची वेगळी टेस्ट आहे पण बारावीला ओपनला ६० टक्के पाहिजेतच. बिट्स या खासगी संस्थेच्या गोवा कॅम्पसला जायचं म्हटलं तरी त्यांच्या बिटसॅट परीक्षेच्या जोडीला पीसीएममध्ये ७५ आणि प्रत्येक विषयात किमान ६० लागतात, म्हणजे आजचे तुझे केमिस्ट्रीचे ५९ आणि मॅथ्सचे ४७ तिथे अडतात. बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाईलमधल्या मुलांना, घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल तर, केंद्राची स्कॉलरशिप असते, पदवीला वर्षाला १२,००० रुपये. हॉस्टेलची मेस त्यात काही महिने निघते. गावाकडून लातूरला पोरगी ठेवणाऱ्या घराला हे पैसे कमी नाहीत.

तुझ्या पत्राखाली तू वर्ग लिहिलेला नाहीस, म्हणून मी सगळीकडे ओपनचे आकडे धरलेत. तू एससी किंवा एसटीतून फॉर्म भरणार असशील तर ७५ च्या जागी ६५, म्हणजे पाचशेपैकी ३२५, आणि मग तुला ७० नाही फक्त २० मार्क कमी पडतायत. ओबीसी असशील तर एनआयटीला ७५ च. कॅटेगरीतून जाणार असशील तर सर्टिफिकेटचं काम आत्ताच बाबांवर सोपव, सेतू केंद्रात जून महिन्यात रांग लागते, तेव्हा तू सीट वाचवायची की दाखला आणायचा. केंद्राच्या कॉलेजला ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही, यात दरवर्षी मुलं अडकतात. आणि फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, क्लासच्या ग्रुपवर फिरलेला स्क्रीनशॉट नको.

झोपेचं विचारलंस. रात्री बारानंतर जे वाचलं जातं ते बोर्डाच्या पेपरात कागदावर उतरत नाही, हे मी एवढ्या मुलांचं बघून सांगते. साडेअकराला दिवा बंद. पंधरा दिवस असं करूनही झोप लागली नाही, छातीत धडधड होत राहिली, जेवण जाईना झालं तर आईला फोन करून सांग आणि डॉक्टरांना दाखव, लपवू नकोस. हॉस्टेलवर एकटीने सहन करत बसायचं काही कारण नाही. आईला शक्य असेल तर बोर्डाच्या पेपरांच्या दिवसांत तिला लातूरला बोलावून घे, चार दिवस खोलीवर घरचं जेवण मिळालं तरी फरक पडतो.

आणि निकाल लागल्यावर, मेमध्ये, बेरीज ३७५ च्या अलीकडे दोन-चार मार्कांवर अडकलेली दिसली तर रडत बसायच्या आधी त्याच दिवशी कामाला लाग. ज्या विषयात अंदाजापेक्षा कमी पडलेत त्याच्या उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ऑनलाईन अर्ज कर, कारण छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन करता येत नाही, नुसत्या गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेले प्रश्न बघतात. छायाप्रत आली की ती तुझ्या कॉलेजच्या विषयशिक्षकांना दाखव, ज्यांच्याकडे तू या आठवड्यात जर्नलसाठी जाणार आहेस त्यांनाच, म्हणजे कुठल्या प्रश्नाला मार्क सुटलेत ते ते दहा मिनिटांत सांगतील. पुरवणी परीक्षेत श्रेणीसुधारला बसायचीही सोय आहे, पण ती जून-जुलैत होते आणि तिचा निकाल येईपर्यंत एनआयटीच्या फेऱ्या बहुतेक उरकलेल्या असतात, म्हणून छायाप्रतीचा अर्ज पहिला. मुदत थोड्या दिवसांची असते.